ताराबाईंची हातबोशी

'आपल्यात असंच असतं' हे उत्तर ताराबाईंना उभ्या आयुष्यात कधी पटलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यात पोरांपेक्षा जास्त प्रश्न यांनीच विचारले. लग्न राहूनच गेलं. बघायला आलेल्या मुलाचीच बाईंनी उलटतपासणी घेतली म्हणे! आता त्र्याहत्तराव्या वर्षी प्रताप नगरात एकट्या राहतात.

नागपुरात त्यांच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजाची मोजून अकरा घरं. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे सेक्रेटरी संजीवच्या घरी, पुढच्या मोठ्या खोलीत, प्रार्थनेला जमत. प्रार्थना संपली की हातबोशी. शेजाऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, बोटं ओठांना लावायची आणि तो स्पर्श पुढच्याला द्यायचा. पहिल्या बाकापासून निघून तो शेवटी दाराजवळ ताराबाईंपर्यंत यायचा. आठवडाभरात त्यांना माणसाचा स्पर्श व्हायचा तो एवढाच.

कोरोनात हातबोशी बंद झाली, तेव्हा म्हाताऱ्यांनी काय गहजब केला! बापजाद्यांची चाल मोडता म्हणून दोघं तर रुसून बसले. साथ सरली, मास्क गेले, हातबोशी मात्र परतली नाही. आता ती सुरू करा म्हटलं, तर तेच म्हातारे माना हलवू लागले. ताराबाईंना मोठं नवल वाटलं. आधी बंद करायला नकार, मग सुरू करायला नकार, म्हणजे यांचा नकार आहे तरी कशाला?

त्यांनी घरोघरी जाऊन चहा प्यायला सुरुवात केली. एकाला लांबूनच 'शालोम' म्हणणं सोयीचं वाटत होतं. समाजातल्याच डॉक्टर मिनलची काहीच हरकत नव्हती. बाकीचे आवाज खाली आणून एकच सांगत, "संजीवले नाही आवडत."

बाई सरळ संजीवकडे गेल्या. "काहून नाही म्हणून राहिला गा?"

"ताई, सोडा न तो विषय."

ताराबाईंनी आजवर कोणता विषय सोडला होता? शेवटी तो बोलला. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, मिनल नको म्हणत असताना, त्यानंच हट्टानं एकदा हातबोशी केली होती. थोरल्या भावाचा, रविंद्रचा, हात त्यानंच घेतला. दोन आठवड्यांत रविंद्र गेला.

"अंगात कसर होती माह्या त्या दिवशी. कोणाले सांगितलं नाही. माह्याच हातानं गेला तो."

विचारल्याचा पश्चात्ताप ताराबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच झाला. तसं काही नसेल रे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटा धीर देणं त्यांना जमत नसे.

"मले नाही माहीत गा, आन् तुलेही नाही," त्या म्हणाल्या. "रविंद्रनं त्याच दिवशी माहा हात धरला होता. मले काहीच झालं नाही. काहून, तेही माहीत नाही." मग म्हणाल्या, "पण तेव्हापासून मले कोणाचाच हात लागला नाही. भाजीवाली पैसेसुद्धा फोनवर घेते."

ताराबाई घरी आल्या आणि आपल्याच जिभेला शिव्या देत बसल्या.

शुक्रवारी प्रार्थना संपली. सगळे निघायला उठले, तेव्हा संजीव आत गेला. बाहेर आला तो पुढच्या बाकाशी थांबलाच नाही. सगळ्यांना ओलांडून तो थेट दाराशी आला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. साबणानं धुतलेले ते हात अजून ओले होते.

ताराबाईंनी ते धरले. स्पर्श पुढच्याला द्यायचा असतो, हे ठाऊक असूनही त्यांनी ते बराच वेळ सोडले नाहीत.