पुष्पी कुणाची

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. दोघंही आता गेली, म्हणून माझी जीभ सैल झाली असं समजू नका. ती होती तेव्हाही मला कुणी बोलू नको म्हटलं नव्हतं. मीच गप्प बसले.

आधी बुधवारचं सांगते. तेवढं तरी आनंदानं सांगता येईल.

लग्न होऊन मी तिसगावात आले. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन बरं. पहिली मुलगी पुष्पा. दहा महिन्यांची असताना तापात तिला झटके आले आणि ताप उतरला तेव्हा अंग कडक झालेलं. मान धरेना. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. बोलणं आलंच नाही. पण कळायचं सगळं. सासूबाई ताक करायला बसल्या की लोणी निघायच्या आधीच हिचे डोळे लकाकायचे.

गावात लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी एकदा सांगितलं, की नगरच्या एका दवाखान्यात दर बुधवारी अशा मुलांच्या आयांना बोलावतात. यावर औषध नाही, पण पोरीला कसं वाढवायचं ते शिकवतात. घरातून कुणी अडवलं नाही. सासूबाई स्वतः भाकरी बांधून द्यायच्या. हे मुद्दाम सांगते, पुढं कुणाला वाटायला नको की मला सासुरवास होता.

सकाळची पहिली एसटी, करंजीचा घाट, मग माळीवाड्याचं स्टँड. तिथून पुष्पीला कडेवर घेऊन चालत. दवाखान्याच्या मागच्या बाजूला लांबलचक व्हरांडा होता, त्यावर सतरंज्या टाकलेल्या. आम्ही सात-आठ जणी. शिकवणाऱ्या बाई उंच, आवाजानं करड्या, पण हात इतके मऊ की त्यांनी पाय धरला की पुष्पी अंग सैल सोडायची. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरायची आणि गुडघे सरळ राहावेत म्हणून वर ठेवायच्या. भरवताना मान मागं पडू द्यायची नाही. दोन बांबू आडवे बांधून त्यांच्यामधे मूल उभं करायचं. हे बाईंनी शिकवलं. बाकीचं आम्हीच एकमेकींना शिकवलं. कुणाच्या पोराला झोप कशानं लागते, कुणी कुठली भाजी कशी कुस्करते, लोक टक लावून बघायला लागले की काय करायचं. तिथं कुणी 'अरेरे' म्हणायचं नाही. तुम्हाला कसं सांगू ते सुख? पूर्ण एक दिवस कुणी अरेरे म्हणत नाही, हे सुख?

हिराबाई तिथंच भेटली. जामखेडकडची. घरची माणसं ऊसतोडीला जायची आणि ही पोरीसाठी मागं राहायची. तिच्या अलकाचा एक पाय पोलिओनं गेलेला. दुष्काळाचे दिवस, रेशनला तांबडा मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी आणि लसणाची चटणी ती आणायची, माझ्या डब्यातलं वांगं घ्यायची, आणि मिलोची भाकरी चावता चावत नाही म्हणून स्वतःच हसत सुटायची. पुष्पी बांबू धरून पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा आकडे हिराबाईच मोजत होती. दहा म्हणाली आणि पुढं मोजायचंच विसरली.

"राहिली की गं उभी," एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. माझे नाही, स्वतःचे.

मी आडवळणं घेतेय, कळतंय मला.

त्या वर्षी माझ्या नणंदेला, शकूला, संगमनेरचं स्थळ आलं. बघायला येणार त्या दिवशी मी पुष्पीला शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "कशाला? घरातली पोर हाय, घरात राहू दे." मी म्हणाले, पाहुण्यांत रडेल. पुष्पी माणसांत कधी रडायची नाही. माणसं आली की ती खूश असायची. हे सासूबाईंनाही माहीत होतं.

त्यानंतरचाच बुधवार. परतताना हिराबाई आणि मी माळीवाड्याला बाकावर बसलो होतो. अलका तिला टेकून बसलेली, पुष्पी माझ्या मांडीवर. गर्दीतून एक बाई सरळ माझ्याकडे आल्या. संगमनेरच्या — शकूच्या होणाऱ्या सासूबाई.

"तुम्ही तिसगावच्या ना? शकूच्या भावजय?"

मी हो म्हणाले. त्यांची नजर खाली आली. पुष्पीच्या तोंडातून लाळ गळत होती, ती त्यांच्याकडे बघून हसत होती.

"ही कुणाची?"

साधा प्रश्न होता. आवाजात कुचकेपणा नव्हता, काही नव्हतं. मला विचार करायला वेळ नव्हता असं म्हणू का? वेळ होता. मी हिराबाईकडे पाहिलं. तिचं विटकं लुगडं पाहिलं, पायाला लोखंडी पट्ट्या लावलेली अलका पाहिली, आणि मनात हिशेब झाला — हिच्या पदरात एक आहेच, दुसरं कुणाला खोटं वाटणार नाही.

"ह्यांची," मी म्हणाले. "मी जरा धरली होती."

हिराबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही हात पुढं केले आणि पुष्पीला उचलून मांडीवर घेतलं.

"व्हय," ती म्हणाली, "माझीच हाय."

बाई दोन शब्द बोलून निघून गेल्या. हिराबाईनं पुष्पीचं तोंड पुसलं, मान नीट सांभाळून माझ्याकडे परत दिली आणि म्हणाली, "माझी गाडी लागली." रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरी सांगितलं, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या आता येण्याची गरज नाही, घरीच करा. बाई याच्या अगदी उलट म्हणाल्या होत्या. आताच पाय सरळ होताहेत, हे वर्ष सोडू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. पण व्हरांड्यात हिराबाई असणार होती. महिनाभरानं एसटीच्या कंडक्टरनं एक गाठोडं आणून दिलं. आत वाळूच्या दोन पिशव्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. पुष्पीचे गुडघे वाढले असतील हे हिराबाईच्या लक्षात होतं. निरोप होता, "पुष्पी बरी हाय का?" कंडक्टर उत्तरासाठी थांबला होता. मी म्हणाले, उत्तर काही नाही.

व्यायाम काही दिवस केला. मग शकूचं लग्न निघालं, मग माझं दुसरं बाळंतपण. पाय पुन्हा आवळले. बांबू धरून दहा आकडे उभी राहिलेली माझी मुलगी त्यानंतर कधी उभी राहिली नाही.

शकूच्या लग्नात त्याच विहीणबाईंनी पुष्पीला ओसरीवर पाहिलं. ओळखलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याशेजारी बसल्या, बुंदी कुस्करून तिला हळूहळू भरवली आणि शकूला सून करून घेऊन गेल्या. मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मग त्या दिवशी मी कुणाला घाबरले होते?

हिराबाई पुन्हा भेटली नाही. मी शोधलं नाही, म्हणून भेटली नाही.

पुष्पी सव्वीस वर्षांची होऊन गेली. स्टँडवर होती तेव्हा चार वर्षांची होती, आणि तिला सगळं कळायचं हे मी वर सांगितलंच आहे. त्यानंतर बावीस वर्षं रोज सकाळी मी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, घास भरवला. ती माझ्या तोंडाकडे बघत असायची. घरात पुष्कळदा आम्ही दोघीच असायचो. तेव्हा तिला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.