दुसऱ्या मजल्यावरची खुडूक

खारी गावात कधीकाळी पहाटे कोंबडं आरवायचं असं सांगितलं तर आजची पोरं हसतात. हसू देत बापडी! तिथल्या चाळीत वैजयंताच्या खोलीमागे जेमतेम खाटेएवढी जागा होती, आणि तेवढ्यात तिने उभ्या संसारभर कोंबड्या पाळल्या. पहिली कोवळी तलंग ती महाडहून निघताना तिच्या आईने पिशवीत घालून दिली होती. पुढच्या सगळ्या तिच्याच वंशाच्या. आई गेल्यावर वैजयंता म्हणायची, आईचं माझ्याकडे एवढंच राहिलंय, आणि तेही तुरुतुरु पळतंय.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात चाळ पाडायची ठरली आणि मुलगा समाधानने जवळच्याच जेसल पार्कात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. कोंबड्या एकेक करून वाटल्या. राहिली एक तांबडी, आणि ती नेमकी तेव्हाच खुडूक झाली, अंड्यांवरून हलेना. वैजयंताने डोकं लढवलं. खुडूक कोंबडी ओरडत नाही, फिरत नाही, टोपलीत गप्प बसते. पिल्लं निघेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही! तिने टोपली नव्या घरात मोरीशेजारी ठेवली आणि वळवाचा गडगडाट अंड्यांना बाधू नये म्हणून आत कोळसा आणि लोखंडी खिळा घातला. समाधान चिडवायला लागला, आई, आपण बौद्ध, आपण हे मानत नाही.

"मी कुठे मानते?" ती म्हणाली. "कोंबडी मानते."

पण एक गोष्ट ती साफ विसरली, आणि जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाईने ती विसरावी म्हणजे कमालच. खुडूक दिवसातून एकदाच उठते, एकदाच घाण करते, पण अशी की विचारू नका. चाळीत मागे मोकळं होतं, वास वाऱ्यावर जायचा. इथे तो जिन्यात उतरला. आधी प्लंबर आला, मग गटार उघडून झालं, शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात उभे. बोलले ते हिंदीत, अगदी आदबीने, पण समाधानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच्या उद्या ही गेली पाहिजे, त्याने आईला बजावलं.

वैजयंता टोपलीशी जाऊन बसली. अंड्यांनी जीव धरला होता. खुडुकीला उजेडात हलवलं तर ती बिथरून अंडी टाकते, आणि अंडी गार पडली की खेळ खलास. आईची शेवटची खूण आपल्याच हाताने मोडायची का? दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर तिने टोपलीवर जुनं लुगडं टाकलं, ती रिक्षात मांडीवर धरली आणि खारीतल्या विमलाबाईकडे निघाली. विमलाबाई तिथली जुनी आगरीण, अंगण अजून राखून असलेली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला वैजयंता 'भैया, आहिस्ता' म्हणत होती, जसं काही लेकीलाच बाळंतपणाला नेतेय. विमलाबाईने लुगड्याखाली डोकावून पाहिलं. टोपली चुलीमागे अंधारात ठेवली. तांबडी जागची हलली नाही.

पिल्लं निघाल्याचा निरोप आला तशी वैजयंता मूठभर कण्या घेऊन धावतच गेली. तांबडी अंगणात उकरून पिल्लांना चारत होती. एरवी वैजयंताच्या हाताखाली मुकाट मान घालणारी ती, आता पिसं फुलवून अंगावर आली आणि बोटाला अशी चोच मारली की रक्त निघालं.

"पिलंवाली हाय गो," विमलाबाई म्हणाली. "आता वलखाची न्हाय तुला. रुलली ती हितं."

वैजयंताला बरंही वाटलं आणि रडूही फुटलं.

"आनि तू? तू रुललीस का तिकरं?"

"नाही गं," वैजयंता म्हणाली. "तिथे मला कुणाचंच काही करायचं नसतं."

"मंग येत जा रोज."

ती रोज जायला लागली. विमलाबाईचं अंगणही बिल्डरकडे जाईपर्यंत जात होती.