ताईची सुट्टी

धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा ती ताई झाली, आणि पुढे बघता बघता सगळ्यांचीच ताई झाली. दातांच्या ज्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलापाशी बसायची, तिथले डॉक्टर तिच्याहून वयाने मोठे, पण तेही तिला ताईच म्हणत. गाल धरून आत शिरलेला पेशंट पहिल्यांदा मॅडम म्हणायचा आणि दाढ काढून बाहेर पडताना, तोंडात कापसाचा बोळा असला तरी, ताई म्हणून जायचा. घरी बाबाही ताईच म्हणत. अलीकडे मात्र त्यांना कधीकधी ओळख पटत नसे, मग ते तिला 'बाई' म्हणत. आणि ते इतक्या अदबीने म्हणत, की तिला रागावताही येत नसे.

बाबा शहरातल्या बसमध्ये तिकीट तपासनीस होते. मधल्या एखाद्या स्टॉपवर चढायचं, पुढून मागपर्यंत सगळ्यांची तिकिटं बघायची, उतरायचं, पुढची बस पकडायची, यात त्यांचा सगळा जन्म गेला. फुकट्या प्रवासी सापडला तरी त्यांचा आवाज चढत नसे. ते दुसऱ्यांदा विचारत, पहिल्यापेक्षा हळू. घरातही तेच. लहानपणी धाकट्याने काही लपवलं, की बाबा दुसऱ्यांदा हळू विचारत आणि तो रडायलाच लागे.

आई गेली, धाकटा लग्न करून दुसऱ्या गावी गेला, आणि बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग घराचा मजला. दुपारी ते ड्यूटीवर निघत. दिवसा त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी दाराला आतून कुलूप घालून किल्ली कमरेला खोचत, तेव्हा बाबा दारापाशी खुर्ची टाकून स्टॉप येण्याची वाट बघत बसत. संध्याकाळी ताई यायची, मावशी जायच्या, आणि मग सकाळपर्यंत दोघंच. ताईची झोप मांजरासारखी झाली होती. दिव्याचं बटण वाजलं तरी ती उठून बसायची.

एके दिवशी दवाखान्यात फोनवर पेशंटला वेळ देता देता तिचा डोळा लागला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले, त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि पेशंटला स्वतःच वेळ दिली. ते तिला फार लागलं. त्या रात्री तिने धाकट्याला फोनवर हे हसत हसत सांगितलं. धाकटा हसला नाही. त्याने तळ्याकाठच्या एका हॉटेलात तिच्यासाठी खोली घेतली, दोन दिवस रजा टाकून स्वतः येऊन बाबांजवळ राहिला आणि तिला जवळजवळ ढकलूनच बसमध्ये बसवलं.

हॉटेलात राहायची ताईची ही पहिलीच वेळ. खोली छान होती, त्यात खोटं काही नाही. पलंगावर इतक्या उशा होत्या, की त्या कुठे ठेवाव्यात हाच प्रश्न पडला. शेवटी तिने त्या खुर्चीवर रचल्या, तर खुर्चीत कुणीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून कपाटात कोंबल्या. पडदे असे जाड, की भर दुपारी अंधार होई. दाराचं कार्ड दोनदा चाललं नाही, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने ते हसून बदलून दिलं. त्या हसण्याकडे ताई बारकाईने बघत राहिली. आपणही दिवसभर असंच हसतो, हे तिला ठाऊक होतं, आणि ते हसून झाल्यावर गाल कसे दुखतात हेही.

लोक तळ्यावर फिरायला जात होते, नावेत बसत होते. ताई आडवी झाली ती झोपलीच. पण झोप धड लागेना. बाजूच्या खोलीचं दार वाजलं, की ती उठायची. नळ वाजला, की पुन्हा उठायची. सकाळी सफाईवाल्या बाईने दार ठोठावलं, तर ती झोपेतच ओरडली, "आले, बाबा!" आणि अनवाणी दारापर्यंत धावली. टॉवेल घेऊन उभी असलेली बाई दचकून मागे सरली. मग ताईने टॉवेल घेतले आणि दार लावून पलंगाच्या कडेला बसली.

घरी परतल्यावर धाकट्याच्या बायकोने फोनवर विचारलं, कसं होतं हॉटेल. छान होतं, ताई म्हणाली. खरंच छान होतं. पण ती निघाली होती त्याहून थकून आली होती, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. एवढं करून वर कुरकुर केली असती, तर धाकट्याचं मन मोडलं असतं.

पुढच्या वर्षी धाकट्याने त्याच हॉटेलात पुन्हा खोली घेतली. या वेळी निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मुलगी तापाने फणफणली होती, त्याचं येणं होत नव्हतं. बुकिंग आता बदलता येत नव्हतं. मावशींनी तर त्या दोन दिवसांत भावाकडे जायचं कधीचं ठरवून टाकलं होतं. ताईने फोन ठेवला. मग तिने बाबांची बॅगही भरली.

बसमध्ये बाबा खिडकीपाशी शांत बसले. आपण कुठे चाललोय, असं त्यांनी विचारलं नाही. हॉटेलात शिरल्यावर त्यांनी काउंटरवरच्या मुलीला नमस्कार केला आणि ताईच्या कानाशी येऊन म्हणाले, ऑफिस चांगलं आहे. खोलीत मात्र त्यांना करमेना. बाथरूमच्या काचेच्या दारातून आरपार दिसतं, म्हणून ते आत जायला तयार होईनात. ताईने दारावर चादर टांगली. मग त्यांना चादर कुणाची म्हणून चिंता लागली. रात्री ते बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून ताईने पलंग खोलीच्या दाराला टेकवून लावला आणि त्यावर बसून राहिली. तळ्याच्या बाजूने गाण्याचा आवाज येत होता आणि खाली कुणीतरी खदाखदा हसत होतं.

सकाळी ती त्यांना घेऊन नाश्त्याला खाली आली. मोठी लांबट खोली, दोन्ही बाजूंना टेबलं, मधून जायला वाट. टोस्ट, अंडी, कापलेली फळं. ताईने बाबांना टोस्टला लोणी लावून दिलं, अंडं सोलून दिलं, त्यांच्या गळ्याशी रुमाल खोचला, आणि कपात चहा ओतून घेतला. चहा वाफाळत होता. तिने कप उचलला आणि तेवढ्यात बाबा उठले.

त्यांनी रुमाल काढून त्याची घडी घातली. स्वेटर खाली ओढून नीट केला. मग ते दारापाशी गेले आणि पहिल्या टेबलापासून सुरुवात केली.

"तिकीट बघू."

पहिल्या टेबलावरचं तरुण जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. मग मुलाला काय वाटलं कोण जाणे, त्याने खोलीचं कार्ड पुढे केलं. बाबांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, परत दिलं, मान लववली आणि पुढच्या टेबलाकडे वळले. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कार्ड आधीच काढून ठेवलं होतं. एका लहान मुलीने चमचा दाखवला. तिला बाबा म्हणाले, तुझं अर्धं, ते आईकडे असेल.

ताईने बघितलं. आपण उठायला पाहिजे, हे तिला कळत होतं. हात धरून, समजूत घालून, सगळ्यांची माफी मागत त्यांना परत आणायला पाहिजे. रोज दहा वेळा ती तेच करत होती. पण पाय उचलेनात. बाबांची पाठ ताठ होती. ते पडत नव्हते, रडत नव्हते, काही मोडत नव्हते. तिने कप ओठांना लावला. चहा जीभ भाजेल इतका गरम होता. किती दिवसांत तिने गरम चहा प्यायला नव्हता! घरी कप भरला की हाक यायची, आणि परत येईपर्यंत वर साय धरलेली असायची. ती घोट घोट घेत राहिली. सगळा कप तिने बसून संपवला.

तोवर बाबा खिडकीकडच्या टेबलाशी पोचले होते. तिथे एक बाई एकटीच कानात गाणी लावून, डोळे मिटून बसली होती. बाबांनी एकदा विचारलं. मग दुसऱ्यांदा, आणखी हळू, तिच्या खांद्यावर बोट ठेवून. बाई किंचाळून उठली आणि तिच्या हातातला फळांचा रस टेबलावर सांडला.

ताई धावली. बाई घाबरली होती आणि चिडलीही होती. ताईने सांगितलं की वडिलांचं वय झालंय, त्यांना समजत नाही. बाईने ते ऐकून घेतलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "मला वाईट वाटतं तुमच्यासाठी. पण तुम्ही तिथे बसून बघत होता. चहा पीत होता. मीही इथे विश्रांतीलाच आलेय."

बाईचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ताईने रुमालाने टेबल पुसलं. मॅनेजर आला, अतिशय नम्रपणे बोलला आणि उद्याचा नाश्ता आम्ही खोलीतच पाठवू, म्हणाला. बाबा मध्येच बोट दाखवून त्याला म्हणाले, "या बाईंकडे तिकीट नाही, पण असू द्या. त्या दमलेल्या दिसतात." ते बोट कुणाकडे होतं, खिडकीतल्या बाईकडे की ताईकडे, ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा नाश्ता खोलीत आला. ट्रे, किटली, झाकलेल्या बशा. बाबांनी कपभर चहा चादरीवर ओतला आणि ताईने स्वतःचा ओतून घेतलाच नाही.

आठवड्याने ती दवाखान्यात असताना हॉटेलातून फोन आला. गोड आवाजाची मुलगी होती, तुमचा आमच्याकडचा अनुभव कसा होता, म्हणून विचारत होती. ताईपुढे एक पेशंट गाल धरून उभा होता. ताई म्हणाली, "चहा गरम होता." मुलीने विचारलं, आणखी काही, मॅडम? आणखी काही नाही, ताई म्हणाली आणि पेशंटला बसायला सांगितलं.

पण त्या प्रश्नाने तिचा पिच्छा सोडला नाही. जेवताना, बाबांचे मोजे घालताना ती विचार करत राहिली. आपल्याला हवंय तरी काय? तळं नको होतं, उशा नको होत्या, कुणी हसून दिलेलं कार्ड नको होतं. स्वतःचंच घर हवं होतं. तीच खोली, तोच पलंग, तोच गळका नळ, आणि घरात कुणी नाही. बाबाही नाहीत. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिला इतकी लाज वाटली, की ती उठून बाबांच्या खोलीत गेली आणि त्यांचं पांघरूण उगीचच सारखं करून आली.

तरीही रविवारी तिने धाकट्याला फोन केला. पुन्हा हॉटेल नको, म्हणाली. मग काय हवं, त्याने विचारलं. दोन दिवस बाबांना तुझ्या घरी ने. धाकटा गडबडला. आमचं घर लहान, मुलीचा अभ्यास, बाबांना जागा नवी, ते बावचळतील. सगळी कारणं खरी होती. ताईने ती ऐकून घेतली आणि दुसऱ्यांदा विचारलं.

"नेतो," तो म्हणाला.

शुक्रवारी तो गाडी घेऊन आला. बाबा जाताना हसत होते. ताईने दार लावलं आणि आत उभी राहिली. घर इतकं शांत होतं, की फ्रिजचा आवाज मोठा वाटत होता. आता काहीतरी छान करावं, असं तिने ठरवलं होतं, पण काही सुचेना. तिने ओट्यापाशी उभ्याउभ्याच पातेल्यातून भात खाल्ला. केस न विंचरता पलंगावर पडली. मग ती रडली, फार नाही. तेही मन लावून रडायचं त्राण नव्हतं. आणि मग झोपली. जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि दिवस कोणता, हे तिला पटकन आठवेना. ते आठवायची घाईही नव्हती. ती तशीच पडून राहिली. दूध घेऊन आलेल्या माणसाने बेल वाजवली, तरी उठली नाही.

रविवारी संध्याकाळी धाकटा परत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. बाबांचा एक बूट हरवला होता आणि त्यांनी धाकट्याच्या सपाता घातल्या होत्या. धाकट्याची बायको बरी आहे ना, मुलगी बरी आहे ना, ताईने विचारलं. हो, तो म्हणाला. मग खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि बसल्या जागी झोपून गेला. ताईने त्याला उठवलं नाही. तिने त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी धाकटा बाबांना नेतो. ठरलेलं कधी मोडतं, मुलीची परीक्षा निघते, गाडी बिघडते. मोडलं की ताई तोंडातून ब्र काढत नाही, पण त्या आठवड्यात दवाखान्यात तिच्या हातून चुका होतात. बाबा गेले की ती घरी राहते, झोपते, दुपारी उठते, पुन्हा झोपते. थकवा काही जात नाही. निदान वाढत नाही.

डॉक्टर दर वेळी रजेच्या अर्जावर सही करताना विचारतात, या वेळी कुठे? ताई म्हणते, कुठे नाही, घरीच. डॉक्टरांना तिची कीव येते. ते बिचारे मान हलवतात, कुठेतरी जाऊन यायला हवं हो तुम्ही, म्हणतात, आणि ताई हो म्हणून पुढच्या पेशंटला आत सोडते.