प्रिंटरला हवा होता पासवर्ड

विद्युलताबाईंचा जन्म सोलापुरात बँकेच्या नोकरीत गेला. तिथली तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडायची, आणि दुसऱ्याच्या किल्लीला हात लावणं म्हणजे बाईंच्या लेखी महापाप. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे चेन्नईत वेलचेरीला आल्या, तेव्हा किल्ल्या सुटल्या. खोड सुटेल तर शपथ!

मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, सून ऊर्मी सॉफ्टवेअरमध्ये. ऊर्मीने घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं आणि सासूबाईंना त्यात स्वतःचं नाव नि पासवर्ड दिला. दोन हजार सातच्या श्रावणात बाईंनी त्यावर मंगळागौरीची गाणी आठवून आठवून टाइप केली. तिथल्या मराठी मंडळातल्या मुली चेन्नईतच वाढलेल्या, त्यांना कुठली गाणी यायला? संध्याकाळच्या खेळांना प्रत्येकीच्या हाती कागद देईन, असं बाई छातीठोकपणे सांगून बसल्या होत्या.

दुपारी त्या नवा प्रिंटर जोडायला बसल्या, तर पडद्यावर चौकट उघडली: हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड द्या.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे ऊर्मीच, बाईंनी ठरवून टाकलं. गंमत अशी, की ऊर्मीचा पासवर्ड त्यांना पाठ होता. सूनबाई तो पुटपुटतच टाइप करायची!

"अय्यो अक्का, मग घाला की! कोण बघतंय?" कागद न्यायला आलेली मंडळातलीच शेजारीण तुळसी म्हणाली.

"मी बघतेय ना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ऊर्मीच्या ऑफिसात फोन लावला. खरं तर जिवावर आलं होतं. मुलाच्या संसारात आपण पाहुण्याच, हे अशा वेळी त्यांना फार बोचायचं.

ऊर्मी हसायलाच लागली. "अहो आई, तुमचाच पासवर्ड घाला! तुमचं नाव घातलं, त्याच दिवशी तुम्हाला सगळे अधिकार दिलेत मी. तुम्हीच आहात ना, एवढंच विचारतंय ते."

"मला? आणि मी काही बिघडवलं असतं म्हणजे?"

"मग दोघींनी मिळून नीट केलं असतं. घर तुमचं नाही का?"

बाईंना अक्षरं धूसर दिसायला लागली. तरी त्यांनी पासवर्ड बिनचूक घातला. चौकट मिटली, प्रिंटर खरखरला आणि पहिलं गाणं बाहेर आलं.

"ठेवू का आई? मीटिंग आहे."

"मीटिंग थांबेल गं!" बाई म्हणाल्या आणि तुळसीला टाळ्यांचा ठेका धरायला लावून ते गाणं त्यांनी सुनेला फोनवरच म्हणून दाखवलं, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत.