थाळीचं उत्तर

शेवटच्या भेटीत मी शामरावजींशी खोटं बोललो. भंडाऱ्याच्या दवाखान्यात, मोडलेला खुबा घेऊन पडल्या पडल्या त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तुमच्या गच्चीवरून उत्तर तं आलं होतं ना?" मी म्हणालो, "मी तुमसरला होतो. कुणाचा तरी पत्रा चमकला असेल." ते पुटपुटले, "असन... पत्राच असन." मग बायकोला म्हणाले, "मास्तरले चाय दे." आठवड्याने ते गेले.

जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून त्यांच्या खिशात तळहाताएवढा आरसा असे. मागचा मुलामा मधोमध खरवडून त्यांनी त्यात पाहायला भोक केलं होतं. गावामागच्या टेकडीवर ते रोज फिरायला जात आणि तिथे फोनला टॉवर सापडत नसे. "भोकातून पाहा, दोन बोटं फाकवा, ज्याले बोलवायचं त्याले बोटांच्या मधात धरा, अन् उजेड बोटांवर आणा. नेम चुकत नाही."

"विमान उतरवायचंय का, शामरावजी?"

"हासा, हासा. एकदा चमकलं तं खुशाल हाय. तीनदा चमकलं तं धावत या."

मी पेपर वाचत होतो. एवढं मात्र कळलं की रोज सकाळी आठला टेकडीवरून उजेड येणार आणि मी गच्चीवरून स्टीलच्या थाळीने उत्तर द्यायचं. उत्तर आलं की आरसा खिशात टाकायचा, हा त्यांचा नियम. लोकांचे डोळे दिपवत बसणं त्यांना असभ्य वाटे. असं वाटणारा दुसरा माणूस मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी उजेड तीनदा आला. थांबून पुन्हा तीनदा. आज स्वारी रंगात आहे, असं म्हणत मी थाळी दाखवली आणि पोहे खायला खाली उतरलो. वर पाय घसरून पडलेल्या शामरावजींनी माझं उत्तर पाहिलं आणि नियमाप्रमाणे आरसा खिशात टाकला. खाली धानाच्या बांधीत कापणीच्या बाया होत्या. त्यांच्याकडे आरसा वळवला असता तर अर्ध्या तासात माणसं वर पोचली असती. पण मास्तर येऊन राहिले, मग बायांचं काम कायले मोडायचं... चार वाजता सरपणाला गेलेल्यांना ते सापडले.

शोकसभेत आधी पाहुण्यांचा सत्कार झाला, मग फोटोला हार. एका वक्त्याने त्यांना राष्ट्राचा प्रहरी केलं. 'जिवलग मित्र' म्हणून मीही बोललो, आरशाबद्दलच. थाळी तेवढी वगळली.

तेराव्यानंतर वहिनींनी तो आरसा माझ्या हातात ठेवला. "तुमालेच द्या म्हणत होते, भाऊजी. थाळीचा उजेड फिका पडते म्हणे, मास्तरले आरसाच बरा."

आता रोज आठला मी गच्चीवर जातो. भोकातून टेकडी दिसते, फाकलेल्या बोटांवर उजेड येतो... एकदा चमकवायचं की तीनदा, हे अजून ठरत नाही.