फायबरातला वाटेकरी

गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, बंगळुरूहून आलेल्या पाहुण्यांसमोर, कोल्हापूर-कागल फायबरवरची क्वांटम किल्लीची चाचणी बंद पडली. चाचणीच्या प्रमुखांनीच स्वतःच्या हाताने वायर ओढून काढली होती.

प्रमुख म्हणजे इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे सर. शिक्षणाच्या बातम्यांसाठी माझं तिथं जाणं असे. कँटीनमध्ये त्यांच्या भज्यांकडे कुणाचा हात वळला की ते प्लेट कोपराआड घेत आणि म्हणत, "आपापलं मागवा की!" अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. सरांचा मात्र प्रकाशावरही असाच जीव होता.

त्यांचं काम थोडक्यात असं. संदेश कुलूपबंद करणारी किल्ली प्रकाशाच्या एकेका कणावर पाठवायची. वाटेत कुणी डोकावलं तर कण बिघडतात, चुका वाढतात, आणि चोरी कळते. हा प्रकाश इतका अंधुक की त्याला मोकळं फायबर हवं, असा सरांचा आग्रह. संचालकांनी तो फेटाळला. बँकांना आणि दवाखान्यांना किल्लीसाठी वेगळं फायबर कोण टाकून देणार? किल्ली आणि रोजचा डेटा एकाच फायबरातून नेऊन दाखवा, म्हणाले. ही मांडणी त्यांनी नेटवर्कच्या मॅडमकडे सोपवली. मॅडम गडहिंग्लजच्या, सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

"काय पत्रकार, आता माझ्या किल्लीशेजारनं लोकांचे लग्नाचे व्हिडिओ धावणार," सर मला म्हणाले. "झगझगीत दिवा घेऊन वरात चाललीय आणि शेजारी माझी पणती. दिसंल व्हय कुणाला?"

त्यांची शंका खरी होती. डेटाचा प्रखर प्रकाश फायबरच्या काचेत विखुरतो आणि किल्लीच्या कणांत मिसळतो. मॅडमनी दोघांना वेगवेगळे रंग दिले, डेटाचा प्रकाश मंद केला, नको तो प्रकाश अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या. चुका मर्यादेत आल्या. आम्ही फोटोसह बातमी छापली. सकाळीच सरांचा फोन आला.

"मशीन माझं, मग फोटोत हात मॅडमचा कशाला?"

"त्या जोडणी करत होत्या, सर."

"मग हात बाजूला घ्या म्हणायचं की!"

त्या सोमवारी पाहुणे ठरवणार होते ते एवढंच : प्रकल्प पुढे चालवायचा की गुंडाळायचा. सरांच्या निवृत्तीआधीची ही शेवटची संधी होती. पडद्यावर किल्ल्या येत होत्या. पाहुणे प्रश्न विचारत होते, पण सगळे मॅडमना. सर यंत्रामागे उभे होते.

"थांबा," ते अचानक म्हणाले. "किल्ली एकटी कशी धावती, ते बघा आता." आणि त्यांनी डेटाची पिवळी वायर ओढली.

पडद्यावर चुकांचा आकडा शून्य झाला. सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "न्हाय म्हणत होतो मी? शून्य!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, किल्ल्याबी शून्य हायत."

कण नुसते पोचून भागत नाही. कुठला कण कसा मोजला, हे दोन्ही टोकांना एकमेकांना सांगावं लागतं, तेव्हा किल्ली तयार होते. आधीच्या चाचण्यांत हे बोलणं वेगळ्या तारेवरून होई. आता ते डेटाच्या प्रकाशातूनच जात होतं, आणि वायरीबरोबर तेही तुटलं होतं.

"हे मीच शिकवलंतं तुम्हाला," सर म्हणाले.

"व्हय सर. दुसऱ्या वर्षाला."

त्यांनी वायर उचलली, टोक पुसलं आणि परत बसवलं. दोन्ही टोकं जुळायला थोडा वेळ गेला. मग किल्ल्या पुन्हा येऊ लागल्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "हे एकत्र चालवणं कुणाचं काम?"

सरांनी घसा साफ केला. "मांडणी ह्यांची," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "मशीन माझं."

प्रकल्पाला मंजुरी मिळाली. अहवालावर दोन नावं आहेत. मॅडमचं पहिलं. निरोपाच्या दिवशी मी त्याबद्दल विचारलं तेव्हा सर पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभे होते.

"छापणाऱ्यानं केलंय ते. मला काय न्हाय त्याचं," ते म्हणाले. मग बॉक्स माझ्यापुढे धरला. "एकच घ्या."

सर आता गडमुडशिंगीला असतात. महाविद्यालयात ते पुन्हा आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा किल्ली आणि डेटा एकाच फायबरातून कागलला जात होते. पिवळ्या वायरीला कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. अक्षर सरांचं आहे : 'ही वायर कुणीही काढू नये.'