मुस्किल मदत

कचेरीत आले की वस्ताद आधी फुटका भोपळा माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मग रामराम करायचे. भोपळा वाळका, पण बारवेतून तसाच उचलून आणलेला, त्यामुळे त्याचं सगळं पाणी माझ्या कागदांवर. दर उन्हाळ्यात हेच. मी वैतागायचो. माझ्या खुर्चीत असता तर तुम्हीही वैतागला असतात.

"मुनशीजी, बघा. फुटला."

"वस्ताद, मागच्या साली तर नवे दिल्ते!"

"मंग? मागच्या सालची पोरं पोहायला लागली. यंदाची पोरं नवी हायती."

वस्ताद जुन्या जालन्यातले रंगारी. हात कोपरापर्यंत निळे. उन्हाळ्यात रोज सकाळी गल्लीतली हिंदू-मुसलमान सगळी पोरं गोळा करायची, कमरेला भोपळे बांधायचे आणि बारवेत ढकलून द्यायचं. त्यांचा धाकटा भाऊ त्याच पाण्यात गेला होता. ते शिकवायला लागल्यापासून तिथं कुणी बुडालं नव्हतं, आणि नेमकं तेच आमच्या कचेरीला दिसत नव्हतं.

त्यांना दोर आणि भोपळ्यांचा खर्च कायमचा मंजूर करून हवा होता. सरकारी उर्दूत त्याला 'मुस्तकिल' म्हणतात, हे मीच त्यांना शिकवलं आणि पस्तावलो. साहेबांपुढे छाती काढून ते म्हणाले, "साहेब, आपल्याला मुस्किल मदत पायजे."

साहेबांना हसता हसता ठसका लागला. "मुश्किल तो है ही!"

बाहेर आल्यावर मी ओरडलो, "मुस्तकिल म्हणा हो, मुस्तकिल!"

"मंग मी काय येगळं म्हनून राह्यलो?"

मी डोक्याला हात लावला.

मदतीऐवजी एका वर्षी साहेबांनी सभा भरवून त्यांना जरीचा फेटा बांधला. वस्तादांनी तो तिथंच सोडला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि म्हणाले, "लई नाजूक हाय. दोराला न्हाई चालायचा." बोलणी मात्र मला बसली.

तरी मी त्यांचा अर्ज पुन्हा पुढे सरकवला. एवढ्या वर्षांत एकही पोर बुडालं नाही, असं साहेबांना पटवून सांगितलं. साहेब म्हणाले, "जब कोई डूबता ही नहीं, तो खर्चा किस बात का?" भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

एका हिवाळ्यात वस्ताद तापाने गेले. पुढच्या उन्हाळ्यात पोरांना शिकवायला कुणी नव्हतं, आणि बारवेत सोनाराचा मुलगा बुडाला. मला भयंकर संताप आला.

मग मात्र कचेरी हलली. पोरांना हुसकून लावायला बारवेवर एक पहारेकरी नेमला. जागा कायमची, पगार महिन्याच्या महिन्याला. मंजुरीला आठवडाही लागला नाही.

एकदा मी मुद्दाम तिकडे गेलो. वरच्या पायरीवर काठी घेऊन तो बसला होता. खाली पाणी अगदी निवांत होतं.

"पोहता येतं का रे?" मी विचारलं.

"न्हाई जी," तो म्हणाला. "नौकरी देताना तसं कुनी इचारलं न्हाई."